दाराशेजारची खुर्ची

१

बेकरीवाल्या काकांना त्या दिवशी दोनदा झोप लागली. पहिली झोप डॉक्टरांनी सुई लावून, सगळ्यांच्या देखत आणली होती. दुसरी कुणी आणली, यावरून दवाखान्यात रण माजलं होतं.

दवाखाना छोटाच. तोंडातून दुर्बीण घालून पोट तपासायचं, एवढंच तिथलं काम. काकांची तपासणी नीट पार पडली. डॉक्टरांनी बाहेर येऊन त्यांच्या लेकीला सांगितलं, "उठून बसलेत. गाडी आणा, घेऊन जा." लेक खाली गेली, गाडी दाराशी लावून वर आली, आणि विश्रांतीच्या खोलीत पाऊल टाकताच किंचाळली. काका पलंगावर आडवे पडले होते. ओठ जांभळे झाले होते आणि छाती हलते की नाही तेच कळत नव्हतं.

डॉक्टर धावले. तोंडावर मुखवटा लावून हातातली पिशवी दाबत राहिले. बऱ्याच वेळाने काकांचा श्वास ताळ्यावर आला. सगळ्यांनी हुश्श केलं. तेवढ्यात लेकीचं लक्ष बापाच्या हाताकडे गेलं. बोट रिकामं होतं. आई गेल्यापासून काका तिची अंगठी करंगळीत घालत, ती अंगठी गायब होती.

"कुणीतरी दुसरा डोस दिलाय," घाम पुसत डॉक्टर म्हणाले. "त्याशिवाय जागा झालेला माणूस परत असा जाईल कसा?"

मग कुणाला काही जोडावं लागलंच नाही. मधल्या वेळात काकांजवळ फक्त सिस्टर होती. आधी झोपवलं, मग अंगठी काढली. गोष्ट इतकी सरळ दिसत होती की कुणी ती उलटून पाहायच्या भानगडीत पडलं नाही.

दवाखान्याचे व्यवस्थापक मात्र भित्रे होते, आणि भित्रा माणूस कधीकधी शहाण्यासारखा वागतो. पोलिसांना फोन करण्याआधी त्यांनी झोपआजीला फोन केला.

२

झोपआजी म्हणजे निवृत्त भूलतज्ज्ञ. अर्ध्या शहराला तिने कधी ना कधी झोपवलं होतं, आणि मुख्य म्हणजे परत उठवलं होतं. "झोपवणं कुणालाही जमतं, कंटाळवाणं भाषण केलं तरी पुरतं. उठवणं हे खरं काम," असं ती म्हणायची. आता ती शेजारपाजारची पोरं जमवून त्यांना शास्त्र शिकवी. हे नाव त्या पोरांनीच ठेवलेलं.

आजी आली तेव्हा लेक दारातच उभी होती. बेकरीचा सगळा कारभार तीच बघायची. कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या, आवाज भट्टीसारखा तापलेला.

"तुम्हीही यांच्यातल्याच ना? मग काय, चोर चोर मावसभाऊ!"

"मी यांच्यातली होते," आजी शांतपणे म्हणाली. "आता मी कुणाचीच नाही. म्हणून तर बोलावलं. बस, आणि मला सांग, अंगठी काका कधी काढतात?"

"कधीच नाही. कामावर असले की हातात नसते, तेवढंच. पीठ मळताना अंगठी कशी चालेल? एरवी झोपतानाही काढत नाहीत. इथेसुद्धा डॉक्टर काढा म्हणाले, तर ऐकलं नाही. शेवटी त्या सिस्टरनेच वरून चिकटपट्टी गुंडाळली. म्हणजे अंगठी कुठे आहे हे तिला पक्कं ठाऊक!"

पलंगावरून काकांचा बारीक आवाज आला. नाकाला ऑक्सिजनची नळी होती, तरी कुरकुर शाबूत होती. "उगाच आरडाओरडा करू नकोस गं."

आजी त्यांच्या उशाशी वाकली. "काका, तपासणीनंतर उठलात, तेव्हा काय काय झालं?"

"उठलो? छे! मी मधे उठलोच नाही. दातांत ते प्लास्टिकचं कडं धरायला दिलं, इतकं आठवतं. मग डोळे उघडले तर ही रडत होती."

लेक विजयाने वळली. "ऐकलंत? आणि ती सिस्टर म्हणते, काका उठून बसले, चालत या खोलीत आले, गप्पा मारल्या! माझे वडील खोटं बोलत नाहीत, आजी. मग खोटं कोण बोलतंय?"

आजी उत्तर द्यायची घाई कधीच करत नसे. तिची नजर पलंगाच्या कडेच्या लोखंडी दांडीवर खिळली होती. तिथे चिकटपट्टीचा एक छोटा तुकडा होता. कुणीतरी तो सावकाश सोडवून, सुरकुती न पाडता, दांडीला नीट चिकटवून ठेवला होता.

३

सिस्टर औषधांच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती. रडून झालं होतं. आता चेहरा कोरडा होता आणि हात एकमेकांत घट्ट अडकवलेले.

"माझा नोंदणीचा दाखला जाईल ना, आजी?" तिने पहिलाच प्रश्न विचारला. "जाऊ दे. पण लोक म्हणतील, हिने सुई लावून म्हाताऱ्याला लुबाडलं. मग मी कुणाचा हात हातात कसा घेऊ? सुई लावताना लोक डोळे मिटून हात पुढे करतात हो. मिटतील का कुणी माझ्यासमोर?"

"ते संध्याकाळपर्यंत बघू," आजी म्हणाली. "आधी मला सकाळ सांग. काहीही गाळू नकोस, आणि मुख्य म्हणजे स्वतःला वाचवायला काही घालू नकोस."

सिस्टर सांगू लागली. "तपासणी संपली. डॉक्टर म्हणाले, दुर्बीण धुवायला ने. मी गेले. तेव्हा काका चांगले घोरत होते. परत आले तर टक्क जागे!"

"टक्क म्हणजे कसे? हळूहळू डोळे किलकिले करत? ओठांवरून जीभ फिरवत, 'झालं का' विचारत?"

"नाही हो. बटण दाबल्यावर दिवा लागतो ना, तसे. मलाही नवल वाटलं. डॉक्टर म्हणाले, 'उठले बघ, यांना हलव, पुढचा घे.' मी काकांना धरून विश्रांतीच्या खोलीत आणलं. ते बोलत होते. भट्टी पेटली का, विचारत होते. गाऊनची नाडी सुटली होती, मी बांधायला गेले तर मला हात लावू देईनात. मी पाठ करून पांघरूण शोधेपर्यंत स्वतःच पाठीमागून पुढे आणून दोन वेढे घातले, पोटावर गाठ मारली. वर मला म्हणतात कसे, 'ही गाठ अशीतशी सुटत नाही, पोरी.'"

"आणि मग?"

"मग डॉक्टरांनी हाक मारली, पुढच्या माणसाला घ्यायला. मी गेले." तिने मान खाली घातली. "एकटं सोडायला नको होतं. ते माझं चुकलं, मी नाकारत नाही. पण सुई मी लावली नाही."

"किंकाळी ऐकल्यावर काय केलंस?"

"उतारा आणायला धावले. या गुंगीच्या औषधावर उतारा असतो ना, त्याची एक कुपी त्या वरच्या कप्प्यात कायम असते. कालच कप्पा पुसताना मी हातात घेतली होती." सिस्टरने बोट दाखवलं. "आज कप्पा रिकामा."

आजीच्या भुवया वर चढल्या. गुंगीचं औषध चोरणारा चोर तिने पाहिला होता. जागं करणारं औषध कोण चोरेल?

४

तपासणीच्या खोलीत सफाईवाल्या मावशी फरशी पुसत होत्या आणि कुणीतरी ऐकावं इतक्या मोठ्याने पुटपुटत होत्या.

"मावशी, काय झालं?"

"काय व्हायचंय? काचा टाकून जातात. सकाळी पलंगाखाली काचेचं टोक सापडलं, हे एवढंसं. पाय पडला असता म्हणजे? पण सांगायचं कुणाला? ओरडली की मावशीच वाईट."

"काचेचं टोक? कुपीची मान मोडल्यावर उरतं तसं?"

"तसंच. टाकलं सुयांच्या डब्यात."

आजीने टेबलावरची गुंगीच्या औषधाची नवी बाटली उचलून पाहिली. छोटी बाटली, वर रबरी बूच. बुचातून सुई खुपसून औषध ओढायचं. त्यात मोडायला मान नव्हतीच. मोडायची कुपी या खोलीत कशाला आली होती?

डॉक्टर घाईघाईने आत आले. शिकत असताना त्यांनी आजीच्या हाताखाली काही महिने काढले होते. तेव्हाही ते जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायचे.

"मॅडम, तुम्हाला उगाच त्रास दिला. सगळं स्वच्छ आहे. रक्त तपासू, औषध सापडेल, संपलं."

"रक्तात औषध सापडणारच. सकाळी तूच दिलंस ना? त्यातून दुसरा डोस कसा कळेल? बाटलीत किती उरलं होतं?"

"उरलेलं फेकलं. नेहमीच फेकतो."

"बरं. काकांचा श्वास बसला तेव्हा तू पिशवी दाबत राहिलास. चांगलं केलंस, त्यानेच ते वाचले. पण उतारा का दिला नाहीस?"

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. "शिल्लक नव्हता."

"सिस्टर म्हणते, काल होता."

"मग तिनेच काढला असेल! अहो, तिच्यावरच तर संशय आहे." डॉक्टरांचा आवाज चढला. "मी आता पोलिसांना फोन करायला सांगतो. बाहेर लोक ताटकळलेत, मॅडम."

"कर की फोन," आजी म्हणाली. "पण त्याआधी मला एक खुर्ची दे. आणि सगळ्यांना काकांच्या खोलीत बोलाव. तूही ये. अर्ध्यात जायचं नाही."

शेवटचं वाक्य तिने आवाज न चढवता उच्चारलं. तरी डॉक्टर निमूटपणे खुर्ची उचलायला गेले.

५

विश्रांतीच्या खोलीचं दार जड होतं. वरच्या स्प्रिंगमुळे ते आपोआप मिटायचं. आजीने खुर्ची बरोबर दाराशेजारी ठेवली आणि सगळ्यांकडे पाहिलं. पोरांना शिकवताना तिच्या डोळ्यांत जी चमक येई, ती आता आली होती. फक्त आज तिच्यात हसू नव्हतं.

"मेंदूतल्या पेशी एकमेकींना सारखे निरोप धाडत असतात. काही निरोप 'चल' म्हणतात, काही 'थांब'. नुसते 'चल' असते तर आपण सगळे वेड्यासारखे थरथरत बसलो असतो. 'थांब' सांगणाऱ्या द्रव्याला गाबा म्हणतात. पोरी, तू गाबा."

"मी?" लेक गोंधळली.

"तू. हे दार पेशीच्या भिंतीत आहे. गाबाने ढकललं की ते उघडतं, मिठातले क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी शांत होते. ढकल."

लेकीने ढकललं. दार कुरकुरत थोडं उघडलं आणि मिटलं.

"व्यवस्थापक, तुम्ही गुंगीचं औषध. या खुर्चीत बसा. दाराच्या कडीला हात लावा आणि ती ढकलेल तेव्हा अलगद ओढा. एकट्याने ओढायचं नाही हं. हे औषध स्वतः दार उघडत नाही. गाबाने ढकललं नाही तर ते नुसतं बसून राहतं."

"घरीही माझं तेच आहे," व्यवस्थापक म्हणाले. मावशी खुदकन हसल्या.

लेकीने पुन्हा ढकललं. या वेळी दार झटकन उघडलं. पुन्हा ढकललं, पुन्हा उघडलं.

"पाहिलंस? ढकलणारी तूच, जोरही तेवढाच, पण दार सारखं उघडतंय. पेशी गप्प होतात, माणूस झोपतो. औषध जास्त झालं तर श्वासही मंदावतो. आणि एक ध्यानात ठेवा. गाबाची जागा दारापाशी, औषधाची जागा शेजारच्या या खुर्चीत. व्यवस्थापक, आता उठा."

व्यवस्थापक उठून भिंतीला टेकले. आजी खुर्चीत बसली आणि हात मांडीवर ठेवून गप्प राहिली.

"मी उतारा. मी काय करते? काही नाही. खुर्ची अडवून बसते. ढकल दार."

दार पुन्हा जड झालं होतं.

"काका टक्क जागे झाले. बटण दाबल्यासारखे. औषधाच्या झोपेतून माणूस असा उठत नाही, तो पहाट झाल्यासारखा उठतो. मी जन्मभर तेच पाहत आले. असा दिव्यासारखा तो तेव्हाच उठतो, जेव्हा कुणीतरी उतारा देतं." आजीने लेकीकडे पाहिलं. "आता सांग, व्यवस्थापक कुठे आहेत?"

"इथेच. भिंतीपाशी."

"इथेच! उतारा औषधाला मारत नाही, घराबाहेरही काढत नाही. नुसती जागा अडवतो. पण हा पाहुणा बुडाला चटका बसल्यासारखा उठतो. शरीर त्याची लवकर विल्हेवाट लावतं. औषध मात्र रेंगाळतं."

आजी उठली. व्यवस्थापक, कुणी न सांगताच, परत खुर्चीत बसले. लेकीने दाराला नुसता हात लावला. दार झटकन उघडलं.

"काका पुन्हा झोपले," आजी म्हणाली. "आता तूच सांग पोरी. मधल्या वेळात या खोलीत नवं कोण आलं?"

लेकीचे ओठ हलले. "कुणीच नाही."

"कुणीच नाही. दुसरा डोस नव्हताच. ती सकाळचीच झोप होती, थोडा वेळ अडवून धरलेली. उतारा देणारा माणूस हे जाणतो, आणि म्हणून तो रोग्याच्या उशाशी बसतो, किंवा निदान सिस्टरला सांगतो की उतारा दिलाय, नजर हटवू नकोस. सिस्टरला कुणी सांगितलं नाही. तिला मुद्दाम दुर्बीण धुवायला पाठवलं. कप्प्यातली कुपी तेव्हाच संपली, तिचं टोक पलंगाखाली पडलं. म्हणूनच खरी गरज आली तेव्हा कप्पा रिकामा होता." आजी वळली. "सुयांचा डबा उघडू, की तू बोलतोस?"

डॉक्टर खाली पाहत होते.

"विश्रांतीचा पलंग एकच आहे," ते शेवटी म्हणाले. "बाहेर चारजण बसले होते. वाटलं, लवकर उठतील, लवकर जातील."

"उतारा आधी संपतो, हे तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं, मॅडम. तुम्हीच शिकवलंत. वाटलं, यांना चालेल. मग ते निळे पडलेले दिसले, सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि तोंडातून निघून गेलं, दुसरा डोस. एकदा बोलल्यावर मागे घेता येईना."

"का नाही येत? आत्ता घे. मला सांगू नकोस. हिला सांग, आणि सिस्टरला."

डॉक्टरांनी मान वर केली. त्यांनी आधी लेकीकडे, मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या सिस्टरकडे पाहिलं. एकेक शब्द दगडासारखा उचलत ते बोलले, "चूक माझी होती. सिस्टरने काही केलं नाही. मी तसं लिहूनही देतो."

"आणि आजचे बाकीचे रोगी घरी जातील," व्यवस्थापक म्हणाले. भित्र्या माणसाचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच ठाम निघाला.

६

"पण अंगठी?" लेक अजून हटली नव्हती. "अंगठीला काही पाय फुटले नाहीत. आणि बाबा म्हणतात, ते उठलेच नाहीत."

"उठले होते. पण हे औषध पाटी ओली करून ठेवतं. वर लिहिलं तरी उमटत नाही. उताऱ्याने माणूस जागा होतो, पण पाटी वाळतेच असं नाही. काका खोटं बोलत नाहीत, आणि सिस्टरही नाही." आजीने दांडीवरच्या चिकटपट्टीकडे बोट दाखवलं. "चोर अशी पट्टी काढतो का? ओरबाडून काढतो, खिशात कोंबतो. ही सावकाश सोडवून जपून ठेवली आहे, परत लावायची असल्यासारखी. अंगठी काकांनीच काढली. आता मला सांग, भट्टीवर जाताना काका अंगठी ठेवतात कुठे?"

"एप्रनच्या..." लेक बोलता बोलता थांबली. "एप्रनच्या नाडीत ओवतात. नाडी पाठीमागून पुढे आणून दोन वेढे घालायचे, अंगठी ओवायची, पोटावर गाठ. आई असंच करायची, तिचीच सवय यांनी उचलली. म्हणायची, माझ्या अंगठीला पीठ लागता कामा नये, आणि नजरेआडही होता कामा नये."

"आठवण पुसते, हातांची सवय पुसत नाही," आजी म्हणाली. "काकांना नाडीवालं काहीतरी अंगात दिसलं. डोक्यात भट्टी होती. बाकीचं हातांनी केलं. तो गाऊन कुठे गेला?"

"धावपळीत मी कात्रीने छातीवर फाडून काढला," सिस्टर म्हणाली, आणि पळालीच. धुण्याची गोणी तिने खोलीच्या मधोमध उपडी केली. चादरींच्या ढिगातून फाटका गाऊन निघाला. नाडीला एक घट्ट, गरगरीत गाठ होती. गाठीच्या पोटात काहीतरी चमकत होतं.

लेक पलंगाच्या कडेवर बसली. गाठ मांडीवर घेऊन नखांनी उकलू लागली. गाठ हटेना. सिस्टरने खिशातली कात्री काढून पुढे केली. लेकीने कात्रीकडे पाहिलं, मग ती धरणाऱ्या हाताकडे.

"मी तुम्हाला नको नको ते बोलले," ती म्हणाली. "कुठल्या तोंडाने माफी मागू?"

सिस्टर म्हणाली, "काका आणखी एक म्हणाले होते. मघाशी कुणी विचारलं नाही."

"मी?" काका उशीवरून दचकले. "काय बडबडलो मी?"

"तुम्ही विचारलंत, भट्टी पेटली का. मी म्हटलं, पेटली असेल. तर म्हणालात, 'असणारच. पोरगी आहे ना तिथे. आता तिचा हात माझ्यापेक्षा चांगला झालाय. पण तिला सांगू नकोस हं, डोक्यावर बसेल.'"

"असं मी बोलणंच शक्य नाही!" काका ठासून म्हणाले.

"बोललात," आजी म्हणाली. "तुम्हाला आठवत नाही, एवढंच. आमच्या सिस्टरला आठवतं."

लेकीने मान वर केली नाही. गाठ तिला आता धूसर दिसत असावी. तिने कात्री सिस्टरच्या हातात परत दिली.

"कापायची नाही," ती म्हणाली. "मला येते ही सोडवता."